शॉवरची धार बारीक झाली तर दोष शोधायचा कुठे?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रविवारी सकाळी हाक मारली. वर गेलो तर बाथरूममध्ये नवाकोरा आठ इंची शॉवर लागला होता आणि त्यातून पाणी पडत नव्हतं, ठिबकत होतं. "जुन्यातून निदान अंग तरी भिजत होतं रे," काकू म्हणाल्या. आमच्या सोसायटीत पाण्याचं खातं सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. पगार नाही, फोन मात्र येतात. मी शॉवरकडे न बघता खाली बादलीचा नळ सोडला. तोही रडतच होता. म्हणजे शॉवरचा काही संबंधच नव्हता. "मागच्या आठवड्यात इथं कोणी काम करून गेलं का?" तर बुधवारी गिझरची सर्व्हिसिंग झाली होती. त्या माणसाने दाराजवळचा बाथरूमचा मुख्य कॉक बंद केला होता आणि जाताना जेमतेम एक वळसा उघडला होता. मी तो पूर्ण उघडला. काम दहा सेकंदांचं. नव्या शॉवरचं खोकं फाटलेलं, त्यामुळे दुकानदार काही तो परत घेईना.

बहुतेकांचं असंच होतं. धार कमी झाली की आपण जे डोळ्यांसमोर दिसतं ते बदलतो, म्हणजे शॉवर. नाहीतर थेट पंपाची चौकशी सुरू. खरं तर पाणी गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या डोक्यापर्यंत येताना आठ-दहा अरुंद जागांतून येतं, आणि त्यातली एकच जागा बिघडलेली असते. ती कुठली, हे हत्यार हातात घेण्याआधी नळ सोडून-बंद करूनच बऱ्यापैकी कळतं. हा लेख त्याबद्दल आहे, आणि तो गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी आहे. बंगल्यालाही लागू पडेल.

पहिली पायरी: कधीपासून?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. धार एका दिवसात गेली असेल तर कुणीतरी कॉक अर्धवट ठेवलाय, टाकी धुतल्यावर गाळ खाली उतरलाय, लाइनीत हवा अडकलीय किंवा एखादा व्हॉल्व्ह तुटलाय. हळूहळू, वर्ष-सहा महिन्यांत गेली असेल तर क्षार किंवा गंज. आणि ती कधी नव्हतीच, म्हणजे ताबा घेतला तेव्हापासून अशीच आहे, तर प्रश्न बहुधा उंचीचा आहे. त्याकडे शेवटी येतो.

दिवसाच्या ठरावीक वेळीच कमी होते का, हेही बघा. सकाळी सात ते नऊ सगळी इमारत अंघोळ करत असते. त्या वेळेची धार आणि दुपारी तीनची धार यांत मोठा फरक असेल तर तुमच्या बाथरूममध्ये काही शोधू नका. दोष सगळ्यांच्या सामाईक लाइनीत आहे किंवा टाकी तळाला जातेय.

दुसरी पायरी: बादली आणि घड्याळ

"प्रेशर कमी आहे" हे वाक्य प्लंबरच्या काही कामाचं नाही. आकडा काढा. आतून लिटरच्या खुणा असलेली बादली घ्या, शॉवर पूर्ण सोडा आणि १० लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. एक मिनिट लागलं तर मिनिटाला १० लिटर. ही चांगली अंघोळ झाली. दोन मिनिटं लागली तर ५ लिटर, म्हणजे साबण निघता निघत नाही अशी अवस्था. गार पाणी एकदा, गरम एकदा, असं वेगवेगळं मोजा आणि लिहून ठेवा.

आता शॉवर काढा. भिंतीतून आलेल्या वाकड्या पाइपवर तो आट्यांवर बसवलेला असतो. जुना टॉवेल गुंडाळून हाताने डावीकडे फिरवला की बहुतेक वेळा सुटतो. पाना लावायचाच झाला तर कापडावरून लावा, नाहीतर क्रोमवर दातांचे वळ कायमचे राहतात. एका हाताने मागचा पाइप धरून ठेवा. तोच भिंतीतून फिरला तर नवीनच काम निघतं. उघड्या पाइपाखाली बादली धरून पुन्हा १० लिटर मोजा.

उघड्या पाइपातून भरभरून पाणी आलं, तर दोष शॉवरमध्ये आहे. उघड्या पाइपालाही तीच रडकी धार असेल, तर शॉवर परत लावून टाका आणि त्याला दोष देणं थांबवा. ही एक चाचणी केली असती तर काकूंचे पैसे वाचले असते.

तिसरी पायरी: बाकीचे नळ काय म्हणतात?

शॉवर निर्दोष सुटला, आता शेजाऱ्यांची साक्ष काढायची. इथे दोन फसव्या जागा आहेत.

पहिली म्हणजे स्वयंपाकघराचा नळ. पुण्यातल्या, विशेषतः उपनगरांतल्या कितीतरी इमारतींत स्वयंपाकघराला महापालिकेच्या पाण्याची टाकी वेगळी आणि बाथरूमला बोअर-टँकरची वेगळी असते. दोन्हींच्या खाली उतरणाऱ्या लाइनी वेगळ्या, ज्यांना प्लंबर डाऊन टेक म्हणतो. तेव्हा सिंकला जोरात पाणी आहे याचा शॉवरशी संबंध असेलच असं नाही. तुलना त्याच बाथरूममधल्या नळाशी करा.

दुसरी फसवी जागा उंची. बादलीचा नळ जमिनीपासून दोन फुटांवर, शॉवर सात फुटांवर. या पाच फुटांचा दाब शॉवरला मिळतच नाही. खालच्या मजल्यांवर हा फरक जाणवत नाही, सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र तो मिळणाऱ्या दाबाच्या निम्मा असू शकतो. तेव्हा वरच्या मजल्यावर बादलीचा नळ शॉवरपेक्षा जोरात येणार हे धरूनच चाला.

एवढं लक्षात ठेवून बघा. गार जोरात आणि फक्त गरम बारीक: गिझरकडे चला. बादलीचा नळ गार-गरम दोन्ही ठणठणीत आणि शॉवरचा उघडा पाइप मात्र रडतोय: मिक्सर (गार-गरम मिसळणारा नळ) किंवा डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग). त्या बाथरूममधलं सगळंच बारीक आणि दुसरं बाथरूम ठीक: बाथरूमचा मुख्य कॉक. घरातलं सगळंच बारीक: गच्ची. आणि घरातलं सगळं बारीक असेल तर वर जाण्याआधी बरोबर खालच्या आणि वरच्या फ्लॅटची बेल वाजवा. एकाच डाऊन टेकवर तुम्ही तिघं असता. तिघांचंही बारीक असेल तर तुमच्या भिंतीला हात लावायचं कारण नाही.

शॉवर सदोष निघाला तर

शॉवर उलटा धरून उजेडात बघा. आत आट्यांपाशी एक छोटी जाळी असते. टाकी धुतल्यानंतर तिच्यावर वाळू, गंजाची खपली आणि हमखास एक पांढरा चिंधीसारखा तुकडा सापडतो. ती टेफ्लॉन टेप असते, मागच्या वेळी कुणीतरी सढळ हाताने गुंडाळलेली. जाळी टूथब्रशने धुवा. काही शॉवरमध्ये जाळीमागे भोक असलेली प्लास्टिकची चकती असते, ती पाणी वाचवण्यासाठी मुद्दाम बसवलेली असते. तुमच्याकडे दाब मुळातच कमी असेल तर ती काढून बघायला हरकत नाही.

मग भोकं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. लॅबचा रिपोर्ट नसला तरी बादलीच्या कडेला पांढरं वर्तुळ धरतंय आणि साबणाला फेस येत नाही, एवढ्यावरून अंदाज येतोच.

रबरी टोकं असतील तर अंगठ्याने एकेक टोक चोळा. खालची खपली मोडते आणि बारीक रवा हाताला लागतो. धातूची भोकं असतील तर कोमट पाण्याच्या मगात दोन चमचे लिंबूसत्त्व, किंवा पाण्याइतकंच पांढरं व्हिनेगर घालून त्यात तोंड बुडवून ठेवा. बुडबुडे यायला लागले की क्षार विरघळतोय असं समजा. तासाभरात काढा, ब्रश मारा, गरज पडली तर पुन्हा बुडवा. रात्रभर ठेवू नका, क्रोमची चकाकी जाते. बाथरूम धुवायचं ॲसिड तर अजिबात नको: ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं, आणि चुकून ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

हँड शॉवर असेल तर त्याची लवचीक नळीही बघा. बाहेरून स्टीलची दिसते, आतली रबरी नळी पिळवटलेली किंवा चपटी झालेली असू शकते. नळी काढून तिच्यातून फुंकर मारा, लगेच कळतं. शॉवर परत बसवताना टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे आटे तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, पाच-सहा फेरे पुरे. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे चिंधी आत जाणार नाही.

फक्त गरम पाणी बारीक असेल तर

क्षाराचं पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो, म्हणून गरम लाइन नेहमी आधी तुंबते. गिझर सत्तरवर ठेवणाऱ्यांच्या घरी हे लवकर होतं. पन्नास-पंचावन्नला अंघोळ छान होते.

आधी वीज. नुसतं बटण नव्हे, एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला गिझरचा खटका, खाली पाडा. मग गिझरमध्ये येणाऱ्या गार लाइनीचा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा कॉक, ज्याला गिझरची नळी जोडतात) पूर्ण उघडा आहे का ते बघा. गरम बाजूलाही कॉक असेल तर तोही. त्यानंतरच्या चाचण्या गिझर पूर्ण गार झाल्यावर करा:

१. गार बाजूचा कॉक बंद करा, गरम नळ सोडून दाब उतरवा. गिझरला जाणारी लवचीक नळी गिझरच्या बाजूने सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि कॉक हळू उघडा. सोडवताना गिझरमधलं थोडं पाणी सांडेल. नळीतून जोरदार पाणी आलं तर गिझरपर्यंतची लाइन ठीक. बारीकच आलं तर अँगल कॉकची किंवा नळीची जाळी, वायसर तपासा.

२. नळी परत लावा. आता गरम पाणी बाहेर नेणारी नळी गिझरपाशी सोडवून, तिथे बादली धरून गार बाजूचा कॉक उघडा. इथे बारीक आलं तर दोष गिझरच्या आत किंवा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. जोरात आलं तर पुढच्या गरम लाइनीत किंवा मिक्सरमध्ये.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे गार बाजूला बसवलेला छोटा पितळी व्हॉल्व्ह, बहुधा एक चिमुकली दांडी असलेला. पाणी उलटं जाऊ न देणं आणि गिझरमधला जास्तीचा दाब सोडणं अशी दोन कामं तो करतो. त्याच्या आतली स्प्रिंग आणि चकती क्षाराने चिकटली की पाणी अडतं. माझ्या घरचा सोडवला तेव्हा आत खडूच्या पुडीसारखं भरलं होतं, चकती नखाएवढीच हलत होती. तो साफ करत बसू नका, त्याच दाबाचा नवा बसवा. आणि "हा टपकतो, काढून साधा निपल (जोडाचा पाइपतुकडा) टाकतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला गिझर फुटू शकतो.

शेवटी महत्त्वाचं: गरम नळातून अखंड धार येईपर्यंत एमसीबी वर करू नका. रिकाम्या गिझरमध्ये कॉइल जळते.

मिक्सर आणि डायव्हर्टर

बादलीला पाणी आणि शॉवरला नाही, तर पाणी वळवणारा भाग अडकलाय. डायव्हर्टर शॉवरवर केला तरी खालच्या नळातून पाणी गळत राहतं का बघा. गळत असेल तर तेवढं पाणी वर जाणारच नाही. भिंतीबाहेरच्या वॉल मिक्सरमध्ये बहुतेक वेळा आतलं वायसर किंवा स्पिंडल बदलून भागतं. भिंतीतल्या एका दांडीच्या डायव्हर्टरमध्ये कार्ट्रिज, म्हणजे अख्खा बदलता येणारा आतला भाग, असतं: दांडी काढा, समोरची प्लेट काढा, कार्ट्रिज बाहेर येतं, टाइल फोडावी लागत नाही. त्याआधी बाथरूमचा मुख्य कॉक बंद करायला विसरू नका. जुनं कार्ट्रिज खिशात घालूनच दुकानात जा. वरून सारखी दिसणारी दोन कार्ट्रिज एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

सगळं घरच बारीक असेल तर गच्चीवर

गच्चीवर प्रत्येक डाऊन टेकला व्हॉल्व्ह असतो. जुन्या इमारतींत तो चाकाचा गेट व्हॉल्व्ह. यात एक खोड असते जी नवख्याला कळत नाही: आतली चकती दांड्यापासून सुटून खाली पडते. चाक फिरतं, दांडा वर येतो, सगळं उघडल्यासारखं दिसतं, पण चकती अजून वाट अडवून बसलेली असते. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी एका बाजूच्या सगळ्या फ्लॅटची तक्रार आली की मला आधी हाच संशय येतो. त्या जागी पाव वळशाचा बॉल व्हॉल्व्ह टाका, त्याची दांडी पाइपाच्या रेषेत आहे की आडवी हे लांबून दिसतं.

टाकी पूर्ण रिकामी झाली होती का? मग लाइनीत हवा अडकलेली असू शकते. नळ आधी खोकतो, थुंकतो आणि मग बारीकच येतो. त्या लाइनीवरच्या सर्वांत खालच्या फ्लॅटचे नळ पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडे ठेवायला सांगा. वर डाऊन टेकला जोडलेला एअर व्हेंटचा उभा पाइप असतो, त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर आणि मोकळं हवं. कबुतरांची काटकी त्यात सापडलेली मी पाहिलीय.

जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर गंजाने आतून भोक लहान झालेलं असतं. भोकाचा व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. शॉवर एकटा चालू असताना बरा चालतो, आणि कुणी बेसिनचा नळ सोडला की मरतो. सगळं बंद असताना तुंबलेल्या लाइनीतही पूर्ण दाब भरतो, पाणी वाहायला लागलं की तो पडतो. शंका असेल तर शॉवरच्या जागी बसेल असा दाब मोजायचा डायलचा गेज हार्डवेअरच्या दुकानातून आणा, शून्य ते चार बारचा (बार हे दाबाचं माप). शॉवरचा कॉक उघडून सगळे नळ बंद असताना काटा कुठे थांबतो ते बघा, मग बेसिन सोडा. काटा किंचित हलला तर लाइन मोकळी. धाडकन खाली गेला तर मागे कुठेतरी वाट अरुंद आहे.

कुठेच दोष नाही, तरी धार नाही

मग हिशोब करा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. सर्वांत वरच्या मजल्यावर शॉवरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची दोन-तीन मीटर, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. चार मजले खाली राहणाऱ्याला प्रत्येक मजल्याचे तीन मीटर जास्त मिळतात, त्याच्याकडे दीड बार सहज असतो. त्याच्या घरी पाहिलेला मोठा रेन शॉवर तुमच्याकडे ठिबकणार, कारण त्याला निदान बारभर तरी दाब लागतो. कमी दाबासाठी बनवलेला लहान तोंडाचा शॉवर घ्या.

टाकी चार फूट उंच करून मिळतात ०.१२ बार. वाचायला कमी वाटतं, पण ०.२५ असलेल्याला ती निम्म्याने वाढ आहे. मात्र दाब चौपट झाला तरी धार दुप्पटच होते, हे गणित खर्चाआधी मांडा. बऱ्याचदा टाकीपासून घरापर्यंत पाऊण इंचीऐवजी एक-सव्वा इंची स्वतंत्र लाइन टाकण्याने जास्त फरक पडतो. पंप बसवायचाच तर गच्चीवर, फक्त स्वतःच्या लाइनीवर, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि बायपास (पंप बंद असताना पाण्याची बाजूची वाट) यांच्यासकट, आणि कमिटीला लेखी कळवून. सामाईक लाइनीवर लावलात तर शेजाऱ्यांचं पाणी ओढाल. महापालिकेच्या येणाऱ्या लाइनीला थेट मोटार लावणं तर बेकायदाच आहे.

प्लंबरला बोलवायची वेळ आलीच, तर फोनवर असं सांगा: "शॉवर काढून उघड्या पाइपाला गार मिनिटाला ११ लिटर, गरम ३ लिटर. बादलीच्या नळालाही गरम बारीकच. दोन्ही अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत, खालच्या फ्लॅटला सगळं ठीक आहे." तो येताना सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊनच येईल.